पाठीला पाठ

बुधवारी आणि शनिवारी रोसाउराची मातीची भट्टी पेटायची आणि आल्कोवासच्या त्या एकुलत्या एक रस्त्यावर घरोघरी पाव पोचायचा. दोमितिलाकडे चार. नवरा एलिसेओ होता तेव्हा चार, आणि तो गेल्यावरही चारच. दोन कमी कर असं सांगणं दोमितिलाच्या जिवावर यायचं आणि कमी करू का हे विचारणं रोसाउराच्या. उरलेले शिळे पाव शेळ्या खायच्या. सप्टेंबरपासून मात्र शेळ्यांना काही मिळेनासं झालं होतं, आणि त्याबद्दल दोमितिला कुणापाशी चकार शब्द बोलली नव्हती.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी रोसाउराने पिशवी टेबलावर ठेवली, पण नेहमीसारखी खुर्ची ओढून बसली नाही.

"काल संध्याकाळी कुठे उलथली होतीस गं, कोमाद्रे?" तिने विचारलं. रोसाउरा दोमितिलाच्या लेकीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, भांडतानासुद्धा.

"मी कुठे जाणार? इथेच होते. जर्दाळू चिरत होते."

"मी आले होते. हाका मारमारून घसा बसला माझा."

"डोळा लागला असेल."

"चिरता चिरता? सुरी हातात घेऊन?" रोसाउराने चुलीकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "चूल पेटलेली होती," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. येते मी."

रोसाउराच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता. वरच्या आळीत कुणाची शेळी आटली तरी खालच्या आळीला ते तिच्याकडूनच कळायचं. ती बाई अर्धं बोलून निघून गेली, तेव्हा दोमितिलाला पहिल्यांदा जरा कसंसंच वाटलं.

एलिसेओ बस चालवायचा. खालच्या विकुन्या गावाहून दरीच्या टोकापर्यंत वर आणि परत खाली, तीस-बत्तीस वर्षं. दोमितिला गावच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवायची. लग्नाच्या आदल्या वर्षी त्याने तिला तो तारा दाखवला. दक्षिण मुकुट नावाच्या तारकापुंजातला, ठळक नाही, नजरेत भरणारा तर नाहीच. "हा मंदावतो आणि पुन्हा उजळतो," तो म्हणाला. दोमितिलाला काहीएक दिसलं नाही. पोरींना अंधारात बसवायची ही नवी तऱ्हा असावी असं तिला वाटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण तारा खरोखरच मंदावत होता.

त्याची एक रीत होती. शेजारी दोन तारे, एक किंचित ठळक आणि एक किंचित फिका. त्या दोघांच्या मध्ये दहा पायऱ्या धरायच्या आणि आपला तारा आत्ता कितव्या पायरीवर उतरलाय ते नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं. पण एकाने आकडा उच्चारला की दुसऱ्यालाही तोच दिसायला लागतो. नुसता चेहरा पाहिला तरी कळतं. म्हणून ती दोघं अंगणातल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायची. तारा डोक्यावर आलेला असला की माना मागे टाकायच्या, याचं डोकं तिच्या खांद्यावर, तिचं याच्या. दोघांभोवती मिळून एकच घोंगडी. मग एक, दोन, तीन म्हणायचं आणि आकडा एकदमच बोलायचा. एलिसेओचा आकडा कायम एका पायरीने फिका असायचा.

"डोळे तपासून घे म्हाताऱ्या," ती म्हणायची.

"तुला सगळंच उजळ दिसतं. मीसुद्धा तसाच दिसलो, हाच त्याचा पुरावा," तो म्हणायचा.

नोव्हेंबरात वसंत सरत आला की तारा पश्चिमेला कलायचा आणि पाठीला पाठ लावून भागायचं नाही. दोघांनाही एकाच डोंगराकडे तोंड करावं लागायचं. मग ती शेजारी शेजारी बसायची आणि एलिसेओ आपली हॅट दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायचा. ते दिवस थोडे असायचे. लवकरच तारा डोंगराआड जायचा आणि सगळा उन्हाळा दिसायचा नाही.

पहिली दोन वर्षं त्यांनी एक चूक केली. तारा साधारण सात तासांनी मंदावतो असं त्यांच्या ध्यानात आलं. एकच तारा आहे आणि तो श्वास घेतोय, असं त्यांनी धरून टाकलं. पुढे एकदा वरच्या वेधशाळेत निघालेली एक तरुण शास्त्रज्ञ एलिसेओच्या बसमध्ये बसली, तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने आपला शोध तिला ऐकवला. ती हसली, पण प्रेमाने. म्हणाली, "काका, नवशिके सगळे इथेच फसतात. ते दोन आहेत. इतके जवळ की एकमेकांना चिकटलेत, दोघांवर मिळून एकच कातडी आहे. एकदा हा तिच्या पुढे येतो, एकदा ती याच्या पुढे. तुम्ही दोन वेगवेगळी ग्रहणं एकच समजून मोजलीत. फेरी सात तासांची नाही, चौदा तासांची." आणि आणखी एक गोष्ट तिने सांगितली. त्यातल्या धाकट्याची एवढं तापायची कुवतच नाही. थोरल्याची ऊब त्याच्यात वाहत जाते, म्हणून दोघं सारखेच गरम.

"म्हणजे आपण दोघांना एक समजलो," घरी येऊन एलिसेओ म्हणाला होता. दोमितिलाला त्या वाक्याचं कितीतरी दिवस हसू येत होतं.

जुलैत, ऐन हिवाळ्यात, तो गेला, झोपेत. सकाळ वर आली तरी दोमितिलाला कळलं नाही, कारण त्याची पाठ तिच्या पाठीला लागून होती आणि गरम होती. खालून आलेला डॉक्टर म्हणाला, "जाऊन बराच वेळ झालाय, बाई. तुमच्या उबेने गरम राहिले." तो बिचारा सहज बोलून गेला. दोमितिलाने मात्र ते वाक्य उराशी धरलं. त्यानंतर ती पलंगाच्या आपल्याच कडेला झोपत राहिली आणि त्याची बाजू हिवाळाभर गार राहिली.

ऑगस्ट संपता संपता एका दुपारी ती अंथरूण झाडायला गेली आणि तिचा हात त्याच्या बाजूच्या चादरीवर थबकला. चादर गरम होती. खिडकी बंद होती, ऊन तिथवर येत नव्हतं. तिने मांजराला दोष दिला. मांजर अंगणात होतं.

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. आभाळात ढगाचा ठिपका नसताना ऊन पातळ व्हायचं. भिंतीवरच्या सावल्यांच्या कडा विरायच्या, शेळ्या चरायच्या थांबायच्या, नदीचा आवाज खाली बसायचा. आणि तिच्या पाठीमागून खोकला यायचा, अर्धा गिळलेला. वळणावर ब्रेक दाबण्याआधी एलिसेओ खोकायचा तसा. ती गर्रकन वळायची. मागे कुणी नसायचं. पण पाठीला ऊब लागलेली असायची आणि ती बराच वेळ जायची नाही.

दोमितिला घाबरली नाही. नवऱ्याची कसली भीती? तिने घड्याळ पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. सात तास. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी तारा डोक्यावर होता. ती एकटीच बाकावर बसली, घोंगडी पांघरली, मान मागे टाकली. तारा उतरत उतरत तळाला आला. तिने एक, दोन, तीन म्हटलं.

"सात," ती म्हणाली.

"आठ," तिच्या पाठीमागून आवाज आला.

ती रडली. इतकी रडली की रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. पण वळून पाहिलं तर बाकाचा अर्धा भाग रिकामा होता.

त्यानंतर तिचे दिवस त्या मंदावण्याभोवती फिरायला लागले. दिवसा तारे विझत नाहीत, दिसत नाहीत एवढंच, असं एलिसेओ म्हणायचा. ती वेळ जवळ आली की ती दोन कप काढायची, चहा ओतायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. फक्त सगळ्याच खेपा सारख्या नसायच्या. एका आड एक खेप फिकी जायची. खोकला नाही, ऊब नाही. नुसतं अंग जड व्हायचं, बोटं गार पडायची आणि आवाज गोधडीतून आल्यासारखे लांबून यायचे. ती डोळे मिटून ती वेळ काढायची. आज त्याला जमलं नसेल, असं स्वतःला समजवायची. त्याचा कप मात्र अशाच वेळी रिकामा व्हायचा.

त्या शनिवारी संध्याकाळी यास्नाचा फोन आला. लेक कोकिंबोला राहायची, समुद्रावर. जानेवारीत तिला मूल व्हायचं होतं.

"आई, उद्या नाही, पुढच्या रविवारी येतेय मी. पिकअप घेऊन. जेवून, संध्याकाळचा चहा घेऊन निघू."

"एवढ्यात?"

"एवढ्यात काय? बाबांना पोचवलं त्या दिवशी शब्द दिला होतास तू. खोली तयार केलीय तुझी. खिडकीतून समुद्र दिसतो."

"समुद्र कसला दिसतोय! तुमच्याकडे धुकंच असतं बारा महिने."

"मग धुकं बघ. पण ये. मला भीती वाटते गं आई, पहिलंच आहे."

यावर कुठली आई नाही म्हणेल? दोमितिला हो म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नातवंडाला हातात घ्यायचं होतं तिला, फार घ्यायचं होतं. पण ती गेल्यावर इथे तिन्हीसांजेला, पातळ उन्हात, तो कुणाच्या पाठीशी येऊन खोकणार होता? रिकाम्या घरात वळून कुणी पाहणार नव्हतं. त्या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला.

बुधवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ऊन पातळ व्हायला लागलं. ही फिकी खेप होती. बोटं गार पडली. या वेळी का कोण जाणे, तिने डोळे मिटले नाहीत.

दार उघडून रोसाउरा आत आली, हातात पावाची पिशवी.

"ये गं," दोमितिला म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

रोसाउरा तिच्याकडे न बघता सरळ पुढे आली आणि टेबलाशी थांबली.

"आहेस ना रे, एलिसेओ? पाव आणलाय."

खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत तो बसला होता, दोमितिलाकडे पाठ करून. मानेवरचा तो तीळ. कॉलरशी वाढलेले केस, कापायला कुणी नसल्यासारखे.

"ठेव तिथे," एलिसेओ म्हणाला.

"अजून चारच घेतोस. तिच्या नावाचे दोन उगाच शेळ्यांना जातात, आणि मीही वेड्यासारखी भाजते."

"राहू दे गं. हल्ली उरत नाहीत."

रोसाउराने एप्रनला हात पुसले.

"जानेवारीत बाळ येईल," ती म्हणाली. "पोरीकडे जा तू. दोमितिला गेल्यापासून या घरात बसून बसून वाळत चाललायस. तिलासुद्धा आवडलं नसतं हे."

दोमितिला ओरडली. निदान तोंड तरी उघडलं.

तेवढ्यात एलिसेओ खोकला आणि गर्रकन वळला. त्याने सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. हातभर अंतर होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेले तीन महिने ती अशीच वळत होती, अशाच डोळ्यांनी, आणि आपण अशा दिसत असू हे तिला ठाऊक नव्हतं.

"कोमाद्रे," तो हळूच म्हणाला, "इथे पाठीशी तुला ऊब लागते का गं? कुणी उभं असल्यासारखी?"

रोसाउराने छातीवर क्रूस काढला.

मग नदीचा आवाज वर आला. भिंतीवरच्या सावल्यांना कडा आल्या. वेताची खुर्ची रिकामी होती, नुसती करकरत होती. रोसाउरा दारात उभी होती, हातात पावाची पिशवी.

"आहेस ना गं? पाव," ती म्हणाली. मग ती गोंधळून दाराकडे आणि टेबलाकडे पाहत राहिली. "मी आत्ताच येऊन गेले का गं? काय बोलत होते मी?"

"काही नाही. बस, चहा टाकते," दोमितिला म्हणाली.

पुन्हा तीच चूक झाली होती. गणिताची मास्तरीण असून दुसऱ्यांदा तिथेच फसली होती ती. दोन वेगळी ग्रहणं तिने एकच समजून मोजली होती. एका खेपेला ती पुढे असायची आणि तो मागे. दुसऱ्या खेपेला तो पुढे असायचा आणि ती मागे. त्याच्या जगात जुलैत गेलेली ती होती. त्या जगात तोसुद्धा एकटाच त्या बाकावर बसून आकडा बोलत असणार आणि उत्तर ऐकून रडत असणार. याचं तिला इतकं वाईट वाटलं की स्वतःचं भय ती विसरूनच गेली.

भय नंतर आलं, रविवारचा हिशेब केल्यावर. रविवारी सकाळची खेप तिची होती आणि संध्याकाळच्या चहाची वेळ नेमकी त्याची. यास्ना चहा पिऊन उठेल आणि जो पुढे असेल त्याचा हात धरून त्याला पिकअपमध्ये बसवेल. दुसरा इथेच राहील, बंद घरात, पाठमोऱ्या खुर्चीमागे. तिला ना त्याला मागे टाकायचं होतं, ना स्वतः मागे राहायचं होतं.

शनिवारी अंधार पडल्यावर ती अंगणात गेली. तारा पश्चिमेला पार खाली उतरला होता, डोंगराच्या कडेपासून दोन-तीन विती वर. यंदाचे हे शेवटचे दिवस. ती बाकावर बसली, डोंगराकडे तोंड करून. तळ नुकताच होऊन गेला होता आणि तारा पुन्हा वर चढत होता. पाठीला ऊब होती. तिने वळून पाहिलं नाही, पाहून काही उपयोग नव्हता.

तारा आणखी चढला. सहा, पाच.

पाठीवरची ऊब हलली. खांद्यामागे आली. मग खांद्यावर. मग दंडाशी.

तेव्हा तिला हॅट आठवली. पाठीला पाठ लावून बसायचे दिवस कधीच सरले होते. आता दोघांनी एकाच डोंगराकडे तोंड करून बसायचे दिवस होते. ती खुळ्यासारखी तीन महिने मागे वळत राहिली होती, तेही तारा मंद असताना, जेव्हा एक जण झाकलेलाच असतो. तारा उजळ असतो तेव्हा दोघं शेजारी असतात. तिने कधी बाजूला हात नेऊन पाहिलाच नव्हता.

तिने मान हलवली नाही. नुसता उजवा हात बाकावरून सरकवला.

बोटांना बोटं लागली. गरम. स्टिअरिंगने अंगठ्याच्या बुडाशी पडलेला तो घट्टा.

"दोन," ती म्हणाली.

"तीन," तो म्हणाला, शेजारून.

रविवारी यास्ना आली ती धापा टाकतच, सात महिन्यांचं पोट पुढे घेऊन. तिने आईला मिठी मारली आणि रडली, मग सामान बघून रागावली. "बाबांचे बूट कशाला घेतलेस? आणि हॅट?"

"असू दे."

"आई."

"असू दे म्हटलं ना. आणि चहाबिहा काही नको, जेवलो की लगेच निघू. ऊन चांगलं आहे."

ऊन खरंच चांगलं होतं. द्राक्षवेलीच्या प्रत्येक पानाची सावली जमिनीवर वेगळी काढता आली असती. दोमितिलाने घराला कुलूप लावलं ते डाव्या हाताने. उजवा हात तिने अंगापासून थोडा दूर धरला होता, आणि तो रिकामा नव्हता.

रोसाउरा निरोपाला आली. रविवार असूनही तिने भट्टी पेटवली होती.

"घे. गरम आहेत. कोकिंबोचा पाव म्हणजे नुसता कापूस."

दोमितिलाने पिशवीत डोकावलं. "तिघांना चार?"

"तुमच्याकडे चारच लागतात ना," रोसाउरा म्हणाली. तिने दोमितिलाच्या गालाचा मुका घेतला आणि मग तिच्या उजव्या बाजूला, हवेत, मान किंचित लववली. तिला स्वतःलाच ते कळलं नसावं.

पिकअपला पुढे एकच लांब सीट होती. दोमितिला यास्नाला खेटून मधे बसली.

"खिडकीशी सरक ना आई, एवढी जागा आहे. मधे काय अवघडून बसलीस?"

"मला मधेच बरं वाटतं."

"तुझं आपलं काहीतरीच."

गाडी सुटली. दरी मागे पडत गेली. विकुन्या गेलं, धरणाचं पाणी वाऱ्याने खवळलेलं दिसलं आणि तेही गेलं. यास्ना बोलत होती, पाळण्याबद्दल, नवऱ्याच्या कामाच्या पाळ्यांबद्दल, बाळाच्या नावाबद्दल. मुलगा झाला तर एलिसेओ, असं ती म्हणाली. दोमितिलाच्या हातातली बोटं जराशी आवळली गेली. तिने त्या बाजूला पाहिलं नाही. इतकं बरं तिला जुलैपासून कधी वाटलं नव्हतं. दोघंही येत होती. कुणीही मागे राहिलं नव्हतं.

समुद्राकडून धुक्याची पांढरी भिंत येताना दिसली.

"थंडी वाजतेय का गं, आई?" यास्नाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"नाही गं," दोमितिला म्हणाली.

ऊन पातळ झालं. धुकं अजून लांब होतं.

तिची बोटं गार पडायला लागली. तिने हातातला हात घट्ट धरला. धरलाय असं तिला वाटलं.

इंजिनाचा आवाज गोधडीखाली गेला.

"थंडी वाजतेय का, बाबा?" यास्नाने विचारलं. त्याच आवाजात, रस्त्याकडेच बघत.

"नाही गं," एलिसेओ म्हणाला.

तो खिडकीशी बसला होता. मांडीवर हॅट होती. मग तो खोकला आणि वळून मागच्या काचेतून मागे पडणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिला.

"मागे काय बघताय? राहिलं का काही?"

"काही नाही. कुणीतरी मागे आहे असं वाटलं."

बाजूला, एलिसेओ. दोमितिला ओरडत होती. मागे नाही रे, बाजूला. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि तो मागच्या काचेतून बघत होता.

यास्नाने डोळ्यांच्या कडा पुसल्या. पायाशी पडलेली पावाची पिशवी उचलून तिने मधल्या रिकाम्या सीटवर, दोमितिलाच्या मांडीवर ठेवली. दोमितिलाला तिचं वजन लागलं नाही.

गाडी धुक्यात शिरली. यास्नाने दिवे लावले. मग एका हाताने चाचपडत पावाचा तुकडा तोडायला तिने पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"बाबा, हे पाव सकाळचे ना?"

"हो. का?"

"अजून गरम आहेत. भट्टीतून आत्ता काढल्यासारखे."

एलिसेओने काचेवरची नजर काढली. पिशवीकडे पाहिलं. मग हात बाजूला नेला, पिशवीवर ठेवला आणि घर येईपर्यंत उचलला नाही.